घटस्फोटानंतर मुलाच्या ताब्याचा आदेश बदलून घ्यायचा असेल तर

घटस्फोट झाला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता ती सातवीत आहे. 'शनिवार-रविवार बाबांकडे' हे तेव्हाचं गणित आता तिच्या क्लासच्या आणि मॅचच्या वेळांत बसत नाही. अशा वेळी आदेश बदलून मागता येतो. परिस्थिती बदलली की ताब्याचा आदेशही बदलू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केलं आहे. घटस्फोट संमतीने झाला असला तरी ही वाट बंद होत नाही.

आधी मूळ हुकूमनाम्याची, म्हणजे घटस्फोटाच्या लेखी आदेशाची, प्रमाणित नक्कल काढा. निकाल पुण्याचा असेल तर ती शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मिळते. ताबा, भेट, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी, शाळेचा खर्च, सगळं शब्दन् शब्द वाचा.

मग समोरच्याशी बोला. पटलं तर दोघांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे काय ठरलं ते सांगणारं लेखी निवेदन, न्यायालयात दाखल करून त्यावर आदेश घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या 'ठीक आहे'वर विसंबू नका, उद्या वाद झाला तर जुनाच आदेश लागू राहतो.

पटलं नाही तर अर्ज. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 खाली निकालानंतरही असा अर्ज चालतो, विशेष विवाह कायद्यात त्यासाठी कलम 38 आहे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जायचं असेल तर मूल सामान्यतः जिथे राहतं तिथलं न्यायालय लागतं. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

खरी मेहनत अर्जाच्या मजकुरात आहे, आणि बहुतेक अर्ज तिथेच घसरतात. 'प्रतिवादी बेजबाबदार आहे' या वाक्याने न्यायाधीशांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी लिहा: 'जूनपासून शाळा दुपारची झाली. बुधवारी भेटीनंतर मुलगी रात्री दहाला घरी पोहोचते आणि सकाळी साडेसहाला तिचा क्लास असतो. भेट शुक्रवारी ठेवावी.' काय बदललं, मुलावर काय परिणाम झाला, नेमकं काय हवं, या क्रमाने लिहा. सोबत शाळेचं वेळापत्रक, हजेरी, डॉक्टरांचे कागद, बदलीचा आदेश जोडा. जुनी भांडणं उगाळू नका. न्यायालय मुलाचं हित बघतं, नवरा-बायकोचा हिशोब नाही.

प्रकरण समुपदेशकांकडे जाऊ शकतं. तिथे मोकळेपणाने बोला. न्यायाधीश मुलाशी एकट्याने बोलू शकतात, म्हणून त्याला काहीही पढवून नेऊ नका. पढवलेलं लगेच कळतं, आणि त्या ओझ्याखाली मूलच दबतं. 'नऊ वर्षांचं झालं की मूल स्वतः ठरवतं' असं लोक सांगतात, पण कायद्यात तसं वय नाही. मूल समजूतदार असेल तर त्याचं मत विचारात घेतलं जातं, एवढंच. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 म्हणतो. पण पाच पूर्ण झाली म्हणून ताबा आपोआप वडिलांकडे जात नाही.

नवा आदेश येईपर्यंत जुनाच पाळा. मुलाला परत न पाठवणं तुमच्याच अंगाशी येतं. खरोखर धोका असेल तर अंतरिम अर्ज, म्हणजे अंतिम निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा अर्ज, करून तातडीची तारीख मागा.

आदेश मिळाल्यावर एक प्रत शाळेत द्या. समोरचा पाळत नसेल तर दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून मागणारा अर्ज, दाखल करता येते. अंतिम आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं; संमतीने झालेल्या आदेशावर मात्र अपील नाही, तेव्हा पुरसीसवर सही करण्याआधी ती घरी नेऊन नीट वाचा.