घुमट-मिनारांचे जुने फोटो: या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातला घुमटाचा फोटो हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला: कोणत्या सालचा? साल राहू द्या, आधी डावं-उजवं तपासा.

काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन केली की अख्ख्या इमारतीचं डावं-उजवं उलटतं. या वास्तू बहुधा दोन्ही अंगांनी सारख्या, त्यामुळे डोळ्याला काही खटकत नाही. एका प्रदर्शनात विजापूरच्या गोलघुमटाचा भिंतभर फोटो लावला होता. समोर नगारखाना, म्हणजे कॅमेरा दक्षिणेला. मशीद घुमटाच्या पश्चिमेला आहे, ती डावीकडे हवी, इथे उजवीकडे! संयोजकांना दाखवलं तर म्हणाले, "घुमट तसाच दिसतोय ना? चालतंय की." नाही चालत. शेजारीच एक शाळकरी मुलगी त्या फोटोवरून वहीत नकाशा काढत होती आणि तिची मशीद घुमटाच्या पूर्वेला गेली होती.

मी भिंग घेऊन आधी अक्षरं शोधतो. ताजच्या कमानीभोवतीच्या कुराणातल्या आयती आजच्या फोटोशेजारी धरा. अरबी येत नसलं तरी उलटं अक्षर लगेच कळतं. दोन मिनिटांचं काम, पण घाई असते ना सगळ्यांना! अपवाद डागेरोटाइपचा, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट उमटवलेल्या फोटोचा. फ्रेंच छायाचित्रकार जिरो द प्रांजेने 1842 ते 1845 दरम्यान कैरो, दमास्कसला घेतलेले असे फोटो मुळातच उलटे आहेत. तिथे मूळ स्कॅन तसाच ठेवून सुलटी प्रत वेगळी करावी.

आता साल. टिपल्याचं वेगळं, छापल्याचं वेगळं, दोन्ही लिहा. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न 1870 मध्ये भारत सोडून गेला, तरी त्याच्या निगेटिव्हवरून त्याचा इथला स्टुडिओ पुढे कित्येक वर्षं प्रती काढून विकत होता. कागद 1890 चा म्हणून फोटोतली बाग 1890 ची ठरत नाही.

रस्ता रिकामा दिसला म्हणून शहर ओस पडलं होतं असं लिहू नका. एक्स्पोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, लांबलं की चालती माणसं उमटत नाहीत.

रंग भरणाऱ्या ॲपवर तर अजिबात विसंबू नका. त्या काळच्या काचेवर निळा प्रकाश भरपूर उमटे, लाल जवळजवळ उमटतच नसे. म्हणून आकाश कोरं, निळ्या फरशा पांढुरक्या आणि आग्र्याचा लाल दगड काळपट. ॲप त्या काळपटाला करडा रंग देतं आणि लोक तोच खरा धरून बसतात.

आणि कडा कापू नका. क्रमांक, सही, मथळा बहुतेकदा तिथेच खरवडलेला असतो.