सदाहरित जंगलातली पक्षी सहल: या चुका टाळा

रंकाळा, कळंबा तलाव किंवा पंचगंगेच्या काठावर पक्षी बघायला शिकलेला माणूस पहिल्यांदा सदाहरित जंगलात गेला की दोन तासांत वैतागतो. तलावावर उजेड भरपूर असतो, पक्षी उघड्यावर असतात. नजर फिरवली की वारकरी, शेकाट्या, पाणकावळे दिसतात. जंगलात 25-30 मीटर उंच झाडांच्या छताखाली उजेड कमी आणि आडव्या फांद्या फार. पक्षी आधी ऐकू येतो आणि नंतर, नशीब असेल तर, दिसतो. सहल फसते ती पक्षी नसल्यामुळे क्वचितच. तलावाच्या सवयी जंगलात नेल्यामुळे आणि बुकिंगच्या वेळी चार प्रश्न न विचारल्यामुळे ती जास्त वेळा फसते.

"हंगाम कोणता?" असं मोघम विचारणं

कोल्हापूरकरांना तीन जागा सहज जमतात. राधानगरी अभयारण्यातलं दाजीपूर सुमारे 80 किलोमीटरवर आहे. दुसरी आंबोली. तिसरी म्हणजे बेळगाव-खानापूर-रामनगरमार्गे सुमारे 200 किलोमीटरवरचं, काळी नदीवरच्या सुपा धरणाजवळचं गणेशगुडी. तिथल्या ज्या लॉजवर पक्षी छायाचित्रकारांची गर्दी असते, त्या ओल्ड मॅगझिन हाउसची इमारत धरणाच्या कामासाठी लागणारी स्फोटकं ठेवायचं कोठार होती.

तारखा ठरवण्याआधी काय बघायचंय ते ठरवा. लॉजच्या आवारात पक्ष्यांसाठी केलेली पाण्याची कुंडं बघायची असतील तर फेब्रुवारी ते मे. ओढे आटल्यावरच पक्षी कुंडावर नेमानं येतात. चोहीकडे पाणी वाहत असताना तुमच्या कुंडाकडे कोण फिरकणार? हिवाळी पाहुणे हवे असतील तर नोव्हेंबर ते मार्च. नवरंग त्याच काळात दक्षिणेकडच्या जंगलांत मुक्कामाला असतो. तिबोटी खंड्या मात्र पावसाळ्यात घरटं करतो. त्यासाठी जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर बाकीचे पक्षी फारसे दिसणार नाहीत हे धरून चला. आंबोलीचा पावसाळा बेडकांसाठी नामी आहे, पक्ष्यांसाठी नाही. दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, आणि इतर महिन्यांतही आठवड्याच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. फाटकावरून परत फिरलेल्या गाड्या कमी नाहीत.

बुकिंग करताना फक्त खोलीचं भाडं विचारणं

जाहिरातीत महाधनेशाचा फोटो असतोच. त्यावरून काही ठरत नाही. एका मार्गदर्शकामागे किती माणसं, हे विचारा. सहा ठीक, आठ ही शेवटची मर्यादा. बारा जणांच्या रांगेत मागच्या चौघांना फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतात. मार्गदर्शक तिथलाच आहे की तुमच्याबरोबर शहरातून येणार आहे? बाहेरच्याला पक्ष्यांची माहिती असेल, पण कर्णा (मलबार ट्रोगन) हा पक्षी सध्या कोणत्या ओढ्याच्या बाजूला आहे हे रोज त्या वाटेनं जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. लपणगृहात, म्हणजे कुंडासमोर पक्ष्यांना न दिसता बसायच्या आडोशात, किती जागा आहेत, त्या पाळीनं मिळतात का, त्याचे वेगळे पैसे पडतात का? वनखात्याचं प्रवेशशुल्क, कॅमेरा शुल्क आणि जीप पॅकेजमध्ये आहेत का? आणि पाऊस लागून जंगलात जाता आलं नाही तर काय? ही उत्तरं लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर आली तरी चालतील.

रोख रक्कम बरोबर ठेवा. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी यूपीआय चालत नाही. आधार कार्डाची छापील प्रतही ठेवा.

शनिवारी पहाटे निघणं

कोल्हापुरातून पहाटे चारला निघून गणेशगुडीला नऊच्या आसपास पोचता येतं, वाटेत मिसळीला थांबलात तर दहाला. जंगलातली खरी धांदल उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत असते, म्हणजे एक अख्खी सकाळ महामार्गावर गेली. शुक्रवारी सकाळी दहा-अकराला निघा. चारपर्यंत पोचून संध्याकाळचं सत्र मिळतं, शिवाय शनिवार आणि रविवार या दोन्ही सकाळी हातात राहतात. दाजीपूर जवळ आहे म्हणून पहाटे निघायचा मोह होतो, पण हिवाळ्यात पहाटे त्या रस्त्यावर दाट धुकं असतं आणि गवे रस्त्यावर येतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला जाणं सोयीचंही आहे आणि सुरक्षितही.

दुर्बीण खोक्यातून तशीच गळ्यात घालणं

नवख्यांचे सगळ्यात जास्त पक्षी इथं निसटतात, म्हणून जरा सविस्तर.

जंगलासाठी 8×42 दुर्बीण घ्या. 42 ला 8 नं भागलं की 5.25 मिलिमीटर येतं, डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची ही रुंदी. 10×42 मध्ये ती 4.2 होते आणि खिशात मावणाऱ्या 8×25 मध्ये जेमतेम 3.1. रंकाळ्यावर हा फरक जाणवत नाही. सकाळी साडेसहाला झाडांच्या सावलीत याच फरकामुळे पक्ष्याचा रंग दिसतो किंवा नुसती काळी आकृती. 10 पटीची दुर्बीण हातात जास्त थरथरते आणि तिचं दृश्यक्षेत्र लहान असतं, त्यामुळे पानांत हलणारा पक्षी तिच्यात लवकर सापडत नाही.

दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवायला पाच मिनिटं लागतात, पण बहुतेक जण ते करतच नाहीत. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. मग उजव्या बाजूची पुढची भिंग हातानं झाका आणि 20-30 मीटरवरच्या एखाद्या पाटीकडे बघत मधल्या चाकानं डाव्या डोळ्यासाठी फोकस लावा. आता डावी बाजू झाका, मधलं चाक अजिबात न हलवता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरच्या खुणेचा आकडा लक्षात ठेवा, पिशवीत ती हलते. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप पूर्ण खाली करा, नसेल तर वर. अर्धा दिवस "मला नीट दिसत नाही" म्हणणाऱ्याचे कप बहुधा उलट असतात.

पक्षी दिसल्यावर खाली बघून दुर्बीण शोधू नका. नजर फांदीवरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. घरून निघण्याआधी गच्चीवरून चिमण्या-साळुंक्यांवर ही सवय करून घ्या. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यांवरून जाणारा हार्नेस घ्या, कारण छतातले पक्षी बघताना मान तासन्‌तास मागे असते.

धुकट भिंग ही वेगळी तक्रार. गाडीच्या एसीत थंड झालेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प जमतं. पोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करा, किंवा दुर्बीण आणि कॅमेरा बंद पिशवीतच 15-20 मिनिटं राहू द्या. शर्टानं पुसू नका, ओरखडे कायमचे राहतात. परत आल्यावर सगळं सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. ओलसर पिशवीत आठवडाभर पडलेल्या लेन्सला बुरशी लागते आणि मग ती दुरुस्तीलाच जाते.

सारखं चालत राहणं

जंगलात जास्त चाललं की जास्त पक्षी दिसतात असं नाही. ओढ्याच्या वळणावर किंवा फळं धरलेल्या उंबराखाली वीस मिनिटं गप्प उभे राहा. पुष्कळ वेळ काहीच हलत नाही, मग एकदम मिश्र थवा येतो: वर निखार, खोडावर सुतार, खाली स्वर्गीय नर्तक आणि मागोमाग भृंगराज. पाच मिनिटांत थवा पुढे सरकतो. त्या वेळी कॅमेऱ्याचं मेन्यू उघडून बसलात तर हाती काहीच लागत नाही. आधी बघा, मग फोटो.

मार्गदर्शकाला "कुठं? कुठं?" विचारण्यापेक्षा घड्याळाची पद्धत आधीच ठरवून घ्या: झाडाचा शेंडा म्हणजे बारा, उजवी बाजू तीन. "जाड खोडाला चारच्या दिशेला, वेलीच्या मागे" एवढं पुरतं.

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अॅपमधला भारताचा संच घरच्या वायफायवर उतरवून घ्या, तिथं गेल्यावर जमणार नाही. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. भृंगराज आणि हरेवा दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतात, आणि अॅप त्या खऱ्या मानून नाव दाखवतं. न दिसलेला पक्षी केवळ अॅपच्या भरवशावर यादीत घालू नये.

दुपारी झोपून लपणगृह चुकवणं

दहानंतर जंगल शांत होतं तेव्हा कुंडांवर ये-जा वाढते. साधारण दहा ते बारा आणि दुपारी साडेतीनपासून सूर्यास्तापर्यंत. नीलपरी, पाचू कवडा, शामा आणि लालकंठी बुलबुल निवांत दिसायची हीच जागा. आत जाताना मोबाइल सायलेंट, कॅमेऱ्याचा बीप बंद. पक्षी 3-5 मीटरवर येतात, त्यामुळे आपल्या लेन्सचं किमान फोकस अंतर आधी तपासा. लांब लेन्स घेऊन बसल्यावर ते अंतर जुळत नाही हे कळलं तर मागे सरकायलाही जागा नसते. लेन्स फटीत एकदा ठेवली की झटक्यानं फिरवू नका. सावलीत 1/200 सेकंद मिळण्यासाठी आयएसओ 3200 पर्यंत न्यावा लागतो, न्या. आयएसओ वाढवल्यानं फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. फांदीवर आकाशाच्या पार्श्वभूमीला बसलेल्या पक्ष्यासाठी एक्स्पोजर +1 ते +2 करा, नाहीतर पक्षी काळा येतो. फ्लॅश नको.

"एकदा आवाज लावा की" असा आग्रह

स्पीकरवर साद वाजवली की नराला हद्दीत परका शिरल्यासारखं वाटतं. तो चारा सोडून, घरट्याच्या दिवसांत घरटं सोडून, त्या नसलेल्या शत्रूमागे फिरतो. दर शनिवार-रविवारी नवा गट तेच करतो. चांगला मार्गदर्शक नकार देतो, आणि त्यावर नाराज होऊन टीप कापणारे पाहुणेच त्याला पुढच्या वेळी बिघडवतात. दिवसा जोडीनं झोपलेल्या फ्रॉगमाउथजवळ तीन-चार जणांनी आळीपाळीनं दोन मिनिटं उभं राहावं, आणि फांदी वाकवून "फ्रेम मोकळी" करू नये.

एकटा गवा दिसला तर आवाज न करता आल्या वाटेनं मागे या.

जळवांची भीती, गोचिडांकडे दुर्लक्ष

जळू किळसवाणी वाटते, पण तिचा त्रास किरकोळ आहे. गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स पँटवरून चढवा. चिकटलीच तर नखानं तिच्या तोंडाची कडा बाजूला सरकवून काढा. मीठ टाकून किंवा चटका देऊन काढताना ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त लवकर गोठत नाही. काही तास ओघळलं तरी घाबरू नका, साबणानं धुऊन पट्टी दाबून ठेवा.

गोचीड मात्र गंभीरपणे घ्या. सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात गोचिडांमुळे माकडताप होतो. त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका पक्षी सहलींचा. पालापाचोळ्यावर थेट बसू किंवा आडवं पडू नका, प्लास्टिकचा कागद न्या. पूर्ण बाह्यांचे फिक्या खाकी रंगाचे कपडे घाला, त्यावर गोचीड लगेच दिसतो. फिरून आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करा, काखा, जांघा आणि कानामागे तपासा, कपडे गरम पाण्यात धुवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परतल्यावर दोन आठवड्यांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर व्हायरल समजून घरी गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि कोणत्या जंगलात, कोणत्या तारखांना होतात ते त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा.