ओल्या जळणाची शेकोटी: या चुका टाळा

चैत्र-वैशाखात आमच्या साताऱ्याकडं दुपारी वळीव कोसळतो आणि संध्याकाळी पठारावर वारं सुटतं. चाळकेवाडीला पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्या नाहीत! अशा दिवशी शेकोटी करायला निघालेली मंडळी बघून बघून मी थकलो. चुका त्याच.

पहिली, पेट्रोल. चाळकेवाडीजवळ मित्राच्या पडीक रानात आम्ही मुक्कामाला होतो. पाऊस नुकताच उघडलेला. मी बांधाकडेनं जळण हुडकत होतो, तोवर पुण्याहून आलेल्या भाच्यानं गाडीतलं अर्धी बाटली पेट्रोल काढून ओल्या ओंडक्यांवर ओतलं. काडी ओढली आणि भक्क! पेटते ती पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरत त्याच्या पायापर्यंत आलेली. भुवयांवर निभावलं.

"पण मामा, पेटलं होतं की!"

पेटलं होतं ते पेट्रोल. ओंडके काळे होऊन तसेच पडले. लाकडातलं पाणी उकळून गेल्याशिवाय ते नीट पेटत नाही, तोवर नुसता धूर.

मग मी माझ्या पद्धतीनं लागलो. भुईवर पडलेलं लाकूड पाणी पिऊन बसतं, झाडावरच वाळलेली फांदी फक्त वरून भिजते. बाभळीची तसली एक फांदी कोयत्यानं उभी फोडली, आत ठणठणीत कोरडी. करंगळीएवढ्या झिलप्या कवळाभर झाल्याशिवाय मी काडीपेटीला हात लावत नाही. दोन शेणी आणि मक्याची चार बुरकुंडं पिशवीत घरनंच नेतो. सगळ्याला अर्धा तास लागला. भाच्याला तो अर्धा तास भुवयांपेक्षा महाग वाटला असावा, सारखा मोबाईल बघत होता.

वारं आहे म्हणून चारी बाजूंनी दगड रचू नका, आग गुदमरते. बांधाच्या आडोशाला वीतभर खड्डा, एक बाजू मोकळी. ओढ्यातले दगड तर नकोच. आत पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटतात.

सुरुवातीलाच ओंडका घालू नका. प्लास्टिक जाळू नका.

कास पठारावर आणि कोयना अभयारण्यात शेकोटी नाही म्हणजे नाही. 'पाऊस झालाय, वणवा कुठला लागतोय' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, वाळलेलं कुसळी गवत वाऱ्यानं बघता बघता सुकतं.

आणि विझवताना वर माती लोटून निघून जाणारे! माझी आजी रात्री चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढायची आणि पहाटे फुंकणीनं तेच निखारे फुलवून चहा ठेवायची. झाकलेला विस्तव विझत नाही, टिकतो. म्हणून मी पाणी ओततो, काठीनं ढवळतो, परत ओततो आणि राखेजवळ हाताची पालथी बाजू धरून बघतो. धग लागली की कळशी घेऊन परत ओढ्यावर.