पुण्याच्या उन्हाळ्यात घरचे बेकिंग : ‘खोलीचे तापमान’ म्हणजे नेमके किती?

बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि जूनपर्यंतची सुट्टी मी सदाशिव पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, ओटीजीसमोर, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनसमोर घालवली. प्रत्येक पदार्थ किती वाजता केला, त्या वेळी स्वयंपाकघरात किती तापमान होते आणि काय बिघडले, हे मी एका वहीत लिहून ठेवत असे. जूनमध्ये ती वही सलग वाचली तेव्हा लक्षात आले, की बिघडलेल्या बहुतेक पदार्थांची पाककृती बरोबरच होती, मी वजनेही नीट घेतली होती, पण दुपारी तीन वाजता केलेले जवळजवळ सगळे फसले होते आणि सकाळी सहाला केलेले बरेचसे साधले होते. ‘बटर खोलीच्या तापमानाला आणावे’ असे पाककृतीत लिहिलेले असते, तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साधारण २० ते २२ अंश सेल्सिअसची खोली असते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत चढतो आणि गच्चीखालच्या आमच्या स्वयंपाकघरात तर संध्याकाळी सातलाही ३४ अंशांची नोंद आहे. माझ्यासारख्या नवशिक्या मुलामुलींना पुढच्या उन्हाळ्यात उपयोग व्हावा, म्हणून त्या वहीतले अनुभव येथे कृतीसह लिहीत आहे.

सुरुवातीला महागडी साधने घेण्याची गरज नाही. साचे आणि पसरट ट्रे तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हिंडून निवडता येतात. मात्र डिजिटल वजनकाटा आणि पदार्थात खुपसता येईल असा थर्मामीटर या दोन वस्तू आधी घ्याव्यात. वाटीने मोजलेला मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम आणि दाबून भरला तर १५० ग्रॅम भरू शकतो, आणि एवढ्या फरकाने केक कोरडा होतो. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांतही तफावत असते. माझ्या ओटीजीत बटण १८० वर ठेवले तर आत १९५ अंश भरत होते, हे ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणल्यावर कळले आणि आधीच्या तीन केकांच्या करपलेल्या कडांचा उलगडा झाला.

उन्हाळ्यात कामाची वेळ पहाटेचीच ठेवावी. आदल्या रात्री कोरडे जिन्नस मोजून ठेवावेत, साडेपाचला लोणी, तूप किंवा क्रीम फेसण्याचे काम उरकावे आणि ओटीजी त्यानंतरच लावावा, कारण तो लावला की दहा-पंधरा मिनिटांत लहान स्वयंपाकघर चांगलेच तापते. केक ओव्हनमध्ये गेल्यानंतर खोली तापली तरी बिघडत नाही.

माझे पहिले मोठे अपयश साध्या बटर केकचे होते. पाककृतीत सांगितल्याप्रमाणे बटर एक तास बाहेर ठेवले, ते जवळजवळ वितळले, तरी मी त्यात साखर घालून दहा मिनिटे बीटर चालवला. मिश्रण पिवळे आणि चकचकीत राहिले, केक बसका झाला आणि तळाला तुपकट थर आला. बटर-साखर फेसताना साखरेच्या कणांमुळे बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि बेकिंग पावडरचा वायू याच बुडबुड्यांत शिरून केक फुलवतो. पातळ झालेले बटर ही हवा धरून ठेवू शकत नाही. त्यासाठी ते साधारण १८ ते २० अंशांवर असावे लागते. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला चकाकी लागू नये, ही त्याची घरगुती खूण आहे. मे महिन्यात बटरचे तुकडे करून फ्रीजबाहेर ठेवले, तर ही अवस्था दहा-पंधरा मिनिटांतच येते. बीटरच्या घर्षणानेही उष्णता वाढते, म्हणून फेसण्याचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवावे. घरात खारे बटर असेल, तर कृतीतले मीठ वगळावे.

नानकटाईचे शास्त्रही हेच आहे आणि ते मला आजीकडून कळले. तिच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत पेठेतली मंडळी रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात आणि तेथून नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यांत भरून आणत. माझ्या पहिल्या खेपेत बरणीतले तूप तेलासारखे पातळ होते. ते तसेच वापरल्यामुळे ट्रेमधल्या सोळा नानकटायांची एकच सलग पोळी झाली. आजीने ती पाहून एवढेच सांगितले, “अगं, तूप थिजलेलं हवं. पातळ तुपाची नानकटाई पसरायचीच.”

त्यानंतर जमलेली कृती अशी आहे. ११० ग्रॅम तूप फ्रीजमध्ये अर्धा ते पाऊण तास ठेवून लोण्यासारखे घट्ट करावे. त्यात ९० ग्रॅम पिठीसाखर घालून, भांडे थंड पाण्यात ठेवून, मिश्रण पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत आठ-दहा मिनिटे फेसावे. मग १२५ ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा-जायफळाची पूड एकत्र चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावी. फार मळू नये. गोळे करून ट्रेसकट वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावेत आणि १६० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावेत. ओव्हनमधून काढताना नानकटाई मऊ लागते, म्हणून ती कच्ची समजून पुन्हा आत ठेवू नये. निवल्यावर ती खुसखुशीत होते. दुसरा घाणा त्याच गरम ट्रेवर लावू नये, हे मला वेगळे शिकावे लागले. तापलेल्या पत्र्यावर गोळ्याचे तूप भाजण्याआधीच सुटते आणि पहिला घाणा उत्तम झालेला असतानाही दुसरा पसरतो. ट्रे नळाखाली धरून, पुसून, पूर्ण गार करून घ्यावा.

घरच्या पावांनी मला सर्वांत जास्त त्रास दिला आणि सर्वांत जास्त आनंदही दिला. पहिल्या वेळी कणीक पाककृतीप्रमाणे बरोबर एक तास झाकून ठेवली. त्या वेळी स्वयंपाकघरात ३६ अंश तापमान होते. तासाभराने कणीक भांड्याबाहेर आली होती, तिला आंबूस, दारूसारखा वास येत होता आणि ओव्हनमध्ये गेल्यावर पाव फुगण्याऐवजी बसले. उष्णता वाढली की यीस्टचा वेग वाढतो. जे काम २५ अंशांना एका तासात होते, ते ३५ अंशांना त्याच्या निम्म्या वेळात उरकते. तेवढ्यात तयार झालेल्या वायूने मैद्यातील ग्लूटेनची, म्हणजे चिवट प्रथिनांची जाळी गरजेपेक्षा जास्त ताणली जाते आणि नंतर ती पावाचा भार पेलू शकत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे कणकेचे तापमान पाण्याने आवरायचे. मळलेली कणीक २५ अंशांना हवी असेल, तर २५ ची तिप्पट म्हणजे ७५ घ्यावेत आणि त्यातून खोलीचे व मैद्याचे तापमान वजा करावे. उरलेला आकडा हे पाण्याचे तापमान होय. खोली ३६ आणि मैदा ३४ असेल, तर पाणी ५ अंशांचे, म्हणजे फ्रीजमधले हवे. मैदाच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून तो १० अंशांचा केला, तर ३६ अंशांच्या खोलीत पाणी २९ अंशांचे चालते, म्हणजे माठातले पाणीही चालेल. हाताने मळताना हा हिशेब चांगला लागू पडतो. यंत्राने मळल्यास घर्षणाने कणीक तापते, म्हणून पाणी आणखी थंड घ्यावे. दुसरा उपाय म्हणजे घड्याळ बाजूला ठेवून कणीक पाहायची. पीठ लावलेले बोट कणकेत अर्धा इंच दाबावे. खळगा लगेच भरून आला, तर अजून वेळ आहे. तो हळूहळू आणि अर्धवट भरला, तर पाव ओव्हनमध्ये घालावेत. खळगा तसाच राहिला, तर कणीक जास्त फुगली आहे, असे समजावे. अशी कणीक टाकून देऊ नये. ती पुन्हा मळून, पातळ लाटून तिचा पिझ्झा करावा, कारण त्याला उंच फुगण्याची गरज नसते. एप्रिलच्या कोरड्या हवेत कणकेवर दहा मिनिटांत साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, म्हणून भांड्यावर ओला पंचा पिळून झाकावा.

आमच्या घरी आंबा अक्षय्य तृतीयेला सुरू होतो, त्यामुळे आंब्याचा केक त्यानंतरच करायला मिळाला. मंडईतून आणलेल्या हापूसचा रस मी पहिल्या वेळी तसाच मिश्रणात घातला. केक वरून सुरेख फुलला, पण कापल्यावर खालच्या बाजूला ओला, चिकट, शिऱ्यासारखा थर निघाला. आंब्याच्या रसात पाणी बरेच असते आणि तेवढे पाणी मैदा शोषू शकत नाही. म्हणून ३०० ग्रॅम रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत ढवळत, सुमारे २०० ग्रॅम होईपर्यंत आटवावा आणि पूर्ण गार करावा. पायरीचा रस अधिक पातळ असतो, त्याला जास्त वेळ लागतो आणि तो आधी गाळून घ्यावा लागतो. शक्य असल्यास केकसाठी हापूस घ्यावा आणि पायरी आमरसाला ठेवावी, असे माझे मत आहे.

आटवलेल्या रसात १०० ग्रॅम दही, ११० ग्रॅम पिठीसाखर आणि ७० मिलिलिटर वास नसलेले तेल घालून एकजीव करावे. १६० ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड चाळून त्यात मिसळावी. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा किंचित दाट हवे. फारच घट्ट वाटल्यास दोन-तीन चमचे दूध घालावे. सात इंची साच्याला बटर पेपर लावून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे आणि मध्यभागी सुरी खुपसून ती कोरडी निघते का, ते पाहावे. या केकमध्ये बटर नाही, त्यामुळे फेसण्याची अडचण नाही. उन्हाळ्यात पहिला केक करायचा असेल, तर मी हाच सुचवीन.

उन्हाळ्यातल्या क्रीमच्या केकबाबत मात्र मी सावध झाले आहे. धाकट्या भावाच्या वाढदिवसाला, मे महिन्यात, गच्चीवर ठेवलेल्या केकवरची क्रीमची फुले वीस मिनिटांत ओघळली. क्रीम विकत घेताना वेष्टनावरचे स्निग्धांशाचे प्रमाण वाचावे. २५ टक्क्यांचे साधे फ्रेश क्रीम कितीही फेसले तरी उभे राहत नाही, त्याला किमान ३० ते ३५ टक्के लागतात. भांडे आणि बीटरची पाती पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि गोठलेले व्हिपिंग क्रीम ओट्यावर न ठेवता रात्रभर फ्रीजमध्येच सुटू द्यावे. चॉकलेटचे आवरण करायचे असेल, तर वजनाने समभाग क्रीम-चॉकलेट न घेता एक भाग क्रीमला दोन भाग डार्क चॉकलेट घ्यावे, म्हणजे ते उष्णतेत जरा तग धरते.

नंतरच्या केकांवर मी क्रीमऐवजी चक्का वापरला. २५० ग्रॅम घट्ट चक्का पुरणयंत्रातून काढून त्यात ६० ग्रॅम पिठीसाखर आणि १०० ग्रॅम आटवलेला, गार आंब्याचा रस मिसळावा आणि तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. साखर घातल्यावर चक्का सैल पडतो आणि थंडीत पुन्हा आळतो. याची फुले पाडता येत नाहीत, पण सुरीने जाडसर थर सुंदर बसतो आणि चव आम्रखंडाची लागते. ३२ अंशांवरच्या उष्णतेत असा केक एक तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि तो त्याच दिवशी संपवावा.

आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज गेली, तर ती बहुधा गुरुवारी जाते, म्हणून गुरुवारी मी ओटीजी लावत नाही. तरीही भाजताना वीज गेली, तर दार अजिबात उघडू नये. शेवटची दहा मिनिटे राहिली असतील, तर आतल्या उष्णतेवर केक पुष्कळदा पूर्ण होतो. मिश्रण तयार असून ओव्हन बंद असेल, तर थांबून राहू नये, कारण ओल्या, आंबट मिश्रणात सोड्याचा वायू लगेच निघू लागतो. अशा वेळी जाड कुकरच्या तळाशी मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, रिंग आणि शिट्टी काढून तो दहा मिनिटे तापवावा आणि साचा आत ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास भाजावे. वरचा रंग फिका राहतो, पण केक वाया जात नाही.

मे महिन्याच्या मध्यावर वळीव कोसळला, की बेकिंगचे गणित पुन्हा बदलते. एप्रिलच्या कोरड्या हवेत अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेसून १०० अंशांवर दीड तास वाळवलेली मेरँग माझ्याकडून पहिल्याच खेपेत कुरकुरीत झाली होती. वळवानंतर तीच कृती केली, तर ती तासाभरात बोटांना चिकटू लागली, कारण साखर हवेतला ओलावा ओढून घेते. मेरँगचे सगळे प्रयोग म्हणून मार्च-एप्रिलमध्येच उरकावेत. नानकटाई आणि बिस्किटे मऊ पडली, तर १४० अंशांवर पाच-सात मिनिटे पुन्हा भाजावीत. ती हाताला पूर्ण गार लागल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत, कारण कोमट भरली तर त्यांचीच वाफ आत धरते.