ड्रायव्हरच्या डोक्यातलं गणित: मागणीप्रमाणे धावणाऱ्या छोट्या गाड्यांच्या कामात येताना

फोंड्याकडची इंजिनिअरिंगची मुलं अधूनमधून विचारतात, "बिनचालक गाड्यांत काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्या डोळ्यांसमोर कॅमेरे, सेन्सर, आपोआप फिरणारं स्टिअरिंग असतं. माझं काम वेगळं: कोणती गाडी कुणाला घ्यायला जाईल, कुठल्या वाटेने, आणि आत बसलेल्याला त्यापायी किती वळसा पडेल. चालक असो वा नसो, हा प्रश्न सुटत नाही. म्हणून गोव्यात बिनचालक गाडी येईपर्यंत थांबायची गरज नाही.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बेताची आली तरी चालतं. पण सुरुवातीला लॅपटॉप मिटून कागदावर एकच गाडी चालवा. समजा, आठ आसनांची गाडी फोंड्याहून पणजीकडे निघतेय. एकाला बसस्थानकावरून म्हार्दोळला जायचंय, दुसऱ्याला फर्मागुडीहून जुने गोवेला. चार थांबे ठरले. तेवढ्यात कवळ्याहून मागणी येते, मंगेशीला सोडा. या तिसऱ्याचं चढणं आणि उतरणं आधीच्या क्रमात १५ प्रकारे बसवता येतं. पण कवळे म्हणजे आडवाट. म्हार्दोळवाला उगाच रखडणार. त्याला किती मिनिटं रखडवायचं, हे आधीच ठरलेलं हवं. मर्यादा सैल असेल तर दोन-तीन पर्याय टिकतात. आवळली तर एकही टिकत नाही आणि दुसरी गाडी काढावी लागते. ठरलेल्या क्रमात नवा प्रवासी असा बसवण्याला इन्सर्शन म्हणतात. साधं वाटतं, पण पुढचं बरंचसं यावरच उभं आहे.

सगळेच क्रम का तपासू नयेत? पाच प्रवाशांसाठी, 'आधी चढणं, मग उतरणं' एवढाच नियम धरला तरी १,१३,४०० क्रम होतात. दहा प्रवाशांना तो आकडा सोळा अंकी होतो.

एवढं हातात बसलं की वाचायला घ्या. डँट्झिग आणि रॅमसर यांचा १९५९ चा पेट्रोलच्या ट्रकांवरचा निबंध या विषयाचं मूळ. प्रवाशांसाठी कोर्दो आणि लापोर्त यांचा २००३ चा. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या टॅक्सींच्या नोंदींवरून एक गणित मांडलं गेलं: चार जणांच्या ३,००० गाड्या तिथली ९८ टक्के मागणी भागवू शकतील. सगळे तेच दाखवत फिरतात. पण मॅनहॅटनमध्ये एक रस्ता चुकला तर पुढचा असतो. इथे दिवाडी बेटावर जायचं तर फेरीबोटच. नकाशात नदी ओलांडायचा वेळ मिळतो, धक्क्यावर बोटीची वाट बघण्याचा नाही, आणि तो वेळापत्रकावर अवलंबून. त्यामुळे तेच अंतर सकाळी एक आणि रात्री भलतंच. प्रवासवेळेचा तक्ता हाताने दुरुस्त करण्यात या नोकरीचा मोठा भाग जातो. कंटाळवाणं आहे, पण ज्याला हे जमतं त्याला काम कमी पडत नाही.

वाटा आखणाऱ्या प्रोग्रामसाठी गुगलचं ओआर-टूल्स फुकट आहे, संगणकावर रस्त्यावरची गर्दी उभी करायला जर्मनीत तयार झालेलं 'सुमो' हे सॉफ्टवेअर. दोन्ही शिकून घ्या. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

बिनचालक गाडीत खरं अवघड वेगळंच असतं. आपल्या खाजगी बसचा कंडक्टर लांबून धावत येणारी मावशी बघतो आणि शिटी मारायचं लांबवतो. पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, ठाऊक असतं की दहाच्या सुमाराला गिऱ्हाईक कुठे मिळतं. ते दोघे नसले की हे सारं नियमात लिहावं लागतं: थांब्यावर किती सेकंद, बॅटरी किती उरली की चार्जिंगला जायचं, रिकामी गाडी कुठे उभी करायची. सकाळी सगळी वर्दळ पणजीकडे, म्हणजे दहा वाजता पणजीतल्या पाटोवर रिकाम्या गाड्यांचा ढीग आणि गावात एकही नाही. त्या परत पाठवायच्या तर बॅटरी जाते, नाही पाठवल्या तर पुढचा प्रवासी ताटकळतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ पासून २१ छोट्या बिनचालक गाड्या सुरू झाल्या, त्या स्वतंत्र मार्गिकेवर, टर्मिनल ५ आणि गाडीतळ यांच्यामध्ये. तिथेही रिकाम्या गाड्या हलवाव्या लागतातच, पण मार्गिकेवर गाय आडवी येत नाही.

नोकऱ्या गोव्यात थोड्या; पुणे-बंगळूरला जास्त, आणि काही कामं घरबसल्याही होतात. मुलाखतीला गेलात तर तुम्हीही एक विचारा: प्रवाशाने किती वेळ वाट पाहायची, हे तुमच्याकडे कोण ठरवतं? "सिस्टिम ठरवते" असं उत्तर आलं, तर तिथे ते कुणीच ठरवलेलं नसतं. रुजू झाल्यावर ते काम तुमच्याच गळ्यात पडेल, तेव्हा पगार त्या हिशोबाने मागा.