चित्र विकत घेण्याआधी भाड्याने आणा

गॅलरीत आवडलेलं चित्र घरच्या भिंतीवर महिनाभरात नकोसं होतं, आणि तोवर पैसे गेलेले असतात. नेदरलँड्समध्ये राहत असाल तर 'कुन्स्टआउटलेन' गाठा, म्हणजे मूळ कलाकृती भाड्याने देणारं केंद्र. ॲमस्टरडॅममध्ये ही सोय १९५५ पासून आहे.

१. आधी चित्राच्या मापाची रद्दी भिंतीला चिकटवून दोन दिवस राहू द्या. चित्र फार मोठं किंवा फार लहान होतंय, हे इथेच कळतं.

२. सभासद होताना विचारा: भाड्यातली किती रक्कम माझ्या नावावर जमा होते? बऱ्याच केंद्रांत काही भाग असा साठतो आणि चित्र विकत घेताना किमतीतून वजा होतो. माझ्या मते ही सोय असलेलंच केंद्र निवडावं.

३. चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावा, रोज दिसेल असं. डिसेंबरात नेदरलँड्समध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दिव्याच्या उजेडात ते कसं दिसतं हे नक्की पाहा.

नजर जाईनाशी झाली की परत करून दुसरं आणा.

रेडिएटरच्या, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या उपकरणाच्या, वर मात्र चित्र टांगू नका. शिवाय नुकसान झालं तर भरपाई कोणाची, हे करारात आधीच वाचून घ्या.