खाऱ्या हवेने खाल्लेली अलॉय व्हील्स घरच्या घरी कशी साफ करायची

मालवणला मामाची दीडशे सीसीची गाडी आहे, सिल्व्हर अलॉयवाली. दोन पावसाळे अंगणात उभी, वर ताडपत्री होती पण चाकं उघडीच. मे महिन्यात बघतो तर कोपऱ्याकोपऱ्यात पांढरी पावडर आणि रंगाला फोड, नखाने उचकटला की पापुद्रा हातात. मामा म्हणतो, "रवांदे मेल्या, नवी चाकां घालूया." म्हटलं थांब जरा, दोन रविवार दे.

अलॉय चाकं मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचीच असतात, तर ही पांढरी पावडर म्हणजेच अ‍ॅल्युमिनियमचा गंज. एरवी या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप येतो आणि तोच त्याला सांभाळतो, पण मिठातलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं, आणि जिथे खडी लागून रंग उडालाय तिथून ओल शिरून रंगाच्या खालून खात जाते, त्यामुळे वर टिकलीएवढं दिसलं तरी खाली रुपयाएवढं गेलेलं असतं.

आधी दोन गोष्टी करू नका. एक, संडास धुवायचं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक चाकाला लावू नका. अ‍ॅल्युमिनियम दोन्हीत विरघळतं. मी एका वॉशिंग सेंटरला माझं स्वतःचं चाक असंच राखाडी करून घेतलंय, तेव्हा मिनिटभर चकाचक दिसलं होतं. दुसरं, गाडी डबल स्टँडवर चालू करून गिअर टाकून फिरत्या चाकाला फडकं धरायचं नाही. फडकं चेनमध्ये गेलं की बोटं पण जातात. इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं, बास.

चाक धुवायला साधा लिक्विड साबण, चेनच्या तेलाचा काळा थर रॉकेल किंवा डिझेलने. डिस्कला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, पॉलिशचा तेलकटपणा डिस्कवर गेला तर ब्रेक लागणार नाही. सुटलेला रंग पेंट रिमूव्हरने काढायचा, हातात रबरी ग्लोव्हज पाहिजेतच, टायरला लागू द्यायचा नाही. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि मग तिथेच नव्याने डाग, त्यापेक्षा पितळी ब्रश नाहीतर भांड्याची हिरवी घासणी.

रंग खरंच निघाला का हे कसं कळणार? जरासं मेटल पॉलिश लावून पांढऱ्या बनियनच्या फडक्याने घासा. फडकं काळं झालं तर उघडा धातू लागलाय, पांढरंच राहिलं तर अजून क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, शिल्लक आहे.

आता खरं काम, वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक. खड्डे असतील तर 320 ने सुरू, नाहीतर 400, मग 600, 1000, 1500, आणि सगळं पाण्यात बुडवून, थेंबभर साबण टाकून, म्हणजे पेपर भरत नाही आणि धूळ नाकात जात नाही. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, आधी उभं घासलं तर पुढचा पेपर आडवा, म्हणजे उभ्या रेघा गेल्या की नाही ते लगेच दिसतं. इथेच सगळे घाई करतात. 400 च्या रेघा राहिल्या आणि तुम्ही 1500 वर गेलात तर पॉलिश केल्यावर त्या रेघा अजून ठळक चमकतात, मग बसा परत पहिल्यापासून. मला एका चाकाला साडेचार तास लागले, आणि मामी दोनदा चहा देऊन वर "भांडी पण घासशील का" विचारून गेली.

आरसा हवा असेल तर पुढे 2000, मग पॉलिश आणि ड्रिलला कापडी बफ. पण समुद्राजवळ राहत असाल तर माझं ऐका, आरशाच्या नादी लागू नका. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर क्लिअर नीट धरत नाही, सालपटं निघतात, आणि क्लिअर नाही मारला तर दर पंधरा दिवसांनी पॉलिश आणि वॅक्स घेऊन बसावं लागतं. मामाच्या चाकांना मी 600 वर थांबलो, थिनरने पुसून कोरडं केलं, परत बोट लावलं नाही, आणि क्लिअर स्प्रेचे तीन पातळ हात मारले. मंद चमक आहे, चांदीच्या जुन्या ताटासारखी, मला तर तीच आवडली.

ट्यूबलेसमधून हळूहळू हवा जात असेल तर टायर बसतो त्या कडेला पण हीच पावडर असते, पंक्चरवाल्याकडे टायर उतरवून तेवढा भाग हिरव्या घासणीने साफ करून घ्या. तिथे खोल खड्डे किंवा केसाएवढी जरी चीर दिसली तर मात्र घासत बसायचं नाही, मामाचं ऐकायचं आणि नवीन चाक घालायचं.